मागामागची चूल

कापडाचा इतिहास लिहिणारे बहुधा मागांची मोजदाद करतात, सुताचे भाव टिपतात, गिरणीमालकांची आणि पुढाऱ्यांची नावे नोंदवितात आणि संप किती दिवस चालला याचा हिशेब देतात. परंतु माग चालविणारा माणूस रोज कामावर जाण्याइतका धडधाकट कसा राहिला, त्याला कोणी रांधून घातले, तापात त्याच्या उशाशी कोण बसले, त्याची मुले कोणी वाढविली आणि त्याच्या वृद्ध आईबापांचे अखेरपर्यंत कोणी केले, हा जमाखर्च त्यांच्या दफ्तरात सहसा सापडत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा गेल्या दीडशे वर्षांचा वृत्तान्त या दुसऱ्या जमाखर्चाच्या बाजूने वाचला, तर संगोपन आणि शुश्रूषा यांच्या श्रमाचे मुलूखोमुलखी होणारे स्थलांतर, ज्याची चर्चा आज जगभर चालू आहे, ते आपल्या उंबरठ्याशी किती जुने आहे हे ध्यानात येते.

कामवारी नदीच्या काठी वसलेली आणि खाडीमार्गे समुद्राशी जोडलेली भिवंडी ही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले तेव्हा त्याच्या जोडीने भिवंडीचेही नाव घेतले जाते, इतके हे ठाणे जुने व नांदते होते. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता याच गावावरून गेला, आणि १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानात जी धरपकड व वाताहत झाली तिच्यामुळे देशोधडीला लागलेली मोमीन विणकरांची कुटुंबे याच रस्त्याने दक्षिणेकडे उतरली. त्यांतली काही मालेगावी थांबली, काही भिवंडीस आली. ही मंडळी आली ती कुटुंबकबिल्यासह, आणि हा तपशील पुढील सर्व कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हातमाग घरातच असे. पुरुष मागावर बसे, आणि सूत उकलणे, खळ लावणे, कांड्या भरणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. ज्या ओसरीत कांड्या भरल्या जात तिच्याच कोपऱ्यात पाळणा हाले आणि पलीकडे चूल पेटलेली असे. स्त्रीच्या हाती याचा वेगळा दाम पडत नसे, हे खरे. तथापि कापड विणणारे श्रम आणि माणूस जगविणारे श्रम एकाच छपराखाली होते आणि एकाचा आधार दुसऱ्याला डोळ्यांदेखत दिसत होता.

ही घडी प्रथम मोडली ती भिवंडीत नव्हे, मुंबईत. कावसजी दावर यांनी १८५४ साली जिची स्थापना केली ती कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या भागांत भोंग्यांचे एक नवे नगर उभे राहिले. त्याला लागणारे मनुष्यबळ रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आले. पण चाळीतील दहा फुटी खोलीत संसार मावत नव्हता आणि गिरणीच्या पगारात तो पोसवतही नव्हता, म्हणून बहुसंख्य पुरुष एकटे आले आणि बायका गावी राहिल्या. शेतीचा तुकडा, सासूसासरे आणि पोरेबाळे यांचा भार गावच्या स्त्रीने उचलला. टपालखात्याने १८८० साली मनिऑर्डरची सोय केली तेव्हा या व्यवहाराला एक राजमान्य मार्ग मिळाला. मनिऑर्डर मुंबईहून कोकणात गेल्याची नोंद सरकारी वहीत होई. उलट दिशेने जे येत असे, म्हणजे वीस वर्षे खाऊपिऊ घालून वाढविलेला तरणा मुलगा, आजारी पडल्यावर विसाव्याला परतण्याची हक्काची जागा आणि म्हातारपणाची तरतूद, त्याची नोंद कोठेच होत नव्हती. मजूर वाढविण्याचा आणि थकल्यावर सांभाळण्याचा खर्च गावाकडे राहिल्यामुळेच मुंबईतील मजुरी इतकी स्वस्त राहू शकली.

शहरात या एकट्या पुरुषांना जेवू कोणी घालावे? खाणावळीचा उगम या प्रश्नात आहे. ज्यांचा नवरा बेकार, आजारी अथवा व्यसनी होता, ज्या विधवा होत्या किंवा ज्यांना टाकून दिले होते, अशा स्त्रियांनी आपल्या खोलीत दहा-वीस गडी जेवावयास घेतले. पहाटेच्या पाळीचा डबा भोंग्याच्या आधी तयार हवा आणि रात्रपाळीचे जेवण उशिरापर्यंत झाकून ठेवावयास हवे, असा तिचा दिवस दोन्ही बाजूंनी ताणलेला असे. वाण्याकडून तिने माल उधारीवर आणावा, गड्यांनी पगार झाल्यावर पैसे द्यावेत, आणि मधल्या काळाचे व्याज सावकाराने तिच्याकडून घ्यावे, अशी ही रचना होती. म्हणजे गिरणीतील मजुरीच्या उधारीचा अखेरचा जामीन ही स्त्रीच होती.

खुद्द गिरण्यांतही स्त्रिया होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत साधारण पाचांत एक स्त्री असे, आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांचीच वस्ती असे. १८९१ च्या कारखाने कायद्याने त्यांच्या कामाला दिवसाकाठी अकरा तासांची मर्यादा घातली, १९११ च्या कायद्याने रात्रीचे काम बंद केले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ च्या जुलैत कायदे कौन्सिलात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गर्भवती स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने सोसणे योग्य होय, पण तिच्या श्रमाचा नफा ज्याच्या पदरात पडतो त्या मालकालाही त्यातून सर्वस्वी मोकळे राहता येणार नाही, अशी भूमिका मांडली. अपत्यसंगोपन ही एकट्या स्त्रीची खासगी बाब नसून तिचा खर्च समाजाने आणि उद्योगाने वाटून घेतला पाहिजे, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे क्वचितच मांडले गेले होते. मालकांनी मात्र या खर्चाचा अर्थ आपल्या सोयीने लावला. यांत्रिक सुधारणेमुळे सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील माणसे कमी करावयाचीच होती. त्यात रात्रपाळीला न चालणारी आणि बाळंतपणाचा खर्च अंगावर आणणारी कामगार नकोशी झाली. पुढील चार-पाच दशकांत स्त्रियांचे प्रमाण घसरत शंभरात मोजक्याच उरण्यापर्यंत आले, आणि गिरणीतून बाहेर पडलेल्या स्त्रिया खाणावळ, धुणीभांडी आणि भाजीची पाटी यांकडे वळल्या.

मुंबई बंदरातून याच काळात शुश्रूषेचा श्रम थेट सातासमुद्रापलीकडेही जात होता. गोऱ्या कुटुंबांची मुले सांभाळीत आगबोटीने विलायतेस जाणाऱ्या आयांपैकी काहींना तिकडे पोहोचताच रजा मिळे आणि परतीच्या प्रवासासाठी दुसरे कुटुंब सापडेपर्यंत त्या परक्या शहरात निराधार पडत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक स्वतंत्र आयागृह चालविले जात असे, जे १९०० साली हॅकनी भागात नेण्यात आले. परदेशी गेलेली आया आणि गिरणगावातील खाणावळवाली यांची एकमेकींशी ओळख असण्याचे कारण नव्हते. परंतु दुसऱ्याच्या संसाराला वेळ देण्यासाठी आपला संसार मागे ठेवणे किंवा त्यातच परक्यांना सामावून घेणे हा दोघींच्याही उपजीविकेचा पाया होता.

भिवंडीत विजेवर चालणारे माग आले ते १९३० च्या आसपास. आरंभी तो थोड्या धनिक विणकरांचा उपक्रम होता. त्याचे उद्योगात रूपांतर केले स्वतंत्र भारताच्या धोरणाने. हातमागाला संरक्षण मिळावे म्हणून सरकारने १९५० च्या दशकात गिरण्यांच्या मागांची संख्या गोठविली आणि लहान कारखान्यांना अबकारी करात सवलत दिली. हातमागासाठी काढलेला हा पाट भलत्याच शेतात वळला. चार माग टाकून बसलेला कारखानदार करातूनही सुटे आणि कामगार कायद्यातूनही; कारण यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी माणसे असली तर तिला १९४८ चा कारखाने कायदा सामान्यतः लागू होत नसे. मग एकाच मालकाचे माग निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या गाळ्यांत विभागलेले दिसू लागले. कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाचा विमा आणि ठराविक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असल्यास पाळणाघर, ही त्या कायद्याने व त्याच्या भावंडांनी दिलेली सारी फळे गाळ्याच्या दाराबाहेरच राहिली.

माग घरातून गाळ्यात गेला तेव्हा स्त्री घरातच राहिली. उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतून, बिहारातून आणि तेलंगणातून जे कामगार आले ते मुख्यतः एकटे पुरुष होते. बारा तासांच्या दोन पाळ्यांत माग अखंड चाले, आणि एका पाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा निजे. तेलंगणातील पद्मशाली विणकरांपैकी पुष्कळांनी कुटुंबे आणली आणि पद्मानगर, कामतघर या भागांत वस्ती केली. तेथील स्त्रियांना, तसेच जुन्या मोमीन मोहल्ल्यांतील स्त्रियांना, नगावर कांड्या भरण्यासारखी घरबसल्या कामे मिळत, ज्यांचा दाम इतका अल्प की त्याला मजुरी म्हणण्यापेक्षा घरखर्चाला हातभार म्हणण्याचा प्रघात पडला. एकट्या पुरुषांसाठी येथेही खाणावळी निघाल्या. कोठे बाई त्या स्वतः चालवी, कोठे पुरुषाच्या नावावर असलेल्या खाणावळीत घरातील बायका पहाटेपासून राबत. आणि भिवंडीही मुंबईसारखीच पोसली गेली, म्हणजे मजूर वाढविण्याचा खर्च आता रत्नागिरीऐवजी आझमगड, गोरखपूर आणि करीमनगर येथील स्त्रियांकडे गेला.

या अदृश्य श्रमाला प्रथम वाचा फुटली ती १९७० च्या दशकात. दुष्काळ आणि महागाई यांनी गांजलेल्या मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि लाटणे हे रस्त्यावरील आंदोलनाचे चिन्ह झाले. पुढे १९७३-७४ च्या हिवाळ्यातील गिरणीसंपात एक गोष्ट कार्यकर्त्यांच्या लक्षात आली: पगार बंद असताना संपकऱ्यांना जेवू घालीत होत्या त्या खाणावळवाल्या, आणि त्यासाठी त्या दागिने व भांडी गहाण टाकीत होत्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी या निरीक्षणातून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ सालीच झाले होते. त्याच्या आधारे बँक ऑफ बडोदाकडून आरंभी चौदा स्त्रियांना कर्ज मिळविण्यात आले. तारणाला दागिना नव्हता की जमीन नव्हती, होती ती फक्त रोज इतक्या माणसांना जेवू घालण्याची पत. परंतु ती पत बँकेच्या खातेवहीत चढताच सावकाराची मगरमिठी सुटू लागली. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी पगारवाढीसाठी संप केला आणि त्यातून त्यांची शहरव्यापी संघटना उभी राहिली. धुणीभांडी करणारी बाई संप करू शकते, ही कल्पनाच मध्यमवर्गीय घरांना त्या वर्षी प्रथम अनुभवावी लागली.

हे सर्व आपल्यापुरतेच घडत नव्हते. घरकामालाही वेतन असावे अशी मागणी करणारी चळवळ १९७२ साली इटलीत आकाराला आली होती. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर आखाती देशांत पैशाचा पूर आला. तेलंगणाच्या ज्या जिल्ह्यांतून एक वाट भिवंडी-सोलापूरकडे येत होती तेथूनच दुसरी दुबईकडे फुटली, आणि आंध्रातील कडप्पा व गोदावरी भागांतून स्त्रिया कुवेतमधील घरांत मोलमजुरीला जाऊ लागल्या. केरळच्या परिचारिका मुंबईच्या इस्पितळांतून अनुभव घेऊन परदेशी जात होत्या, आणि फिलिपिन्सने १९७४ साली मनुष्यबळ बाहेर पाठविणे हे राज्याचे धोरणच केले. श्रीमंत देशातील स्त्री नोकरीवर जाते म्हणून तिच्या मुलाला सांभाळण्यास गरीब देशातील स्त्री येते, आणि तिच्या मुलाला सांभाळण्यास तिची आई, बहीण अथवा त्याहून गरीब अशी एखादी मुलगी राहते. या साखळीला अर्ली हॉचशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने २००० साली शास्त्रीय नाव दिले. गिरणगावाच्या रहिवाशाला तिच्यात नवे वाटावे असे अंतराखेरीज फारसे काही नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेला नाही, आणि गिरण्याही पूर्वीसारख्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. मुंबईत कापड विणले जाणे थांबले तरी बाजाराची मागणी थांबली नव्हती. मालकांनी सूत भिवंडीला धाडले, तेथून कापड विणून आणले आणि त्यावर आपला शिक्का मारला. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही भिवंडीच्याच गाळ्यांत येऊन पुन्हा खडखडू लागले. १९८५ च्या वस्त्रधोरणाने यंत्रमागावरील उरलेसुरले बंध सैल केले, आणि भिवंडी देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झाली. परंतु गिरणीबरोबर जे हक्क आले होते ते मागांबरोबर आले नाहीत. गिरणगावात पुरुष बेकार झाले तशा त्यांच्या बायका दादर-माटुंग्याच्या घरांत स्वयंपाकाला, आजारी म्हाताऱ्यांच्या सोबतीला आणि पोळ्या लाटण्याला जाऊ लागल्या. नवऱ्याच्या गेलेल्या वेतनाची भरपाई स्त्रीच्या घरकामाच्या मजुरीने झाली, आणि ती मजुरी गेलेल्या वेतनाच्या मानाने फार थोडी होती.

१९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली. परदेशी कापडाची स्पर्धा, विजेचे दर आणि जुनाट माग यांच्या कात्रीत भिवंडीचा धंदा मंदीच्या एकेका फेऱ्यातून जाऊ लागला. त्याच वेळी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी असण्याचा लाभ आसपासच्या गावांना मिळाला. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या परिसरात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आणि जगभरातून येणारा माल तेथे उतरू, निवडला जाऊ व पुढे रवाना होऊ लागला. मालाची छाननी व बांधणी करण्यासाठी स्त्रियांनाही रोजंदारी मिळू लागली, ही त्यातली जमेची बाजू होय. ती मिळाली ठेकेदारामार्फत. आणि कामावर गेलेल्या आईचे मूल मोठ्या बहिणीकडे, म्हणजे बहुधा तिच्या शाळेच्या मोलाने, राहू लागले.

राज्यसंस्थेने या पोकळीत दोन पावले टाकली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा सुरू होऊन अंगणवाडी आली, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा सेविका आल्या. बाळाचा आहार, गर्भवतीची तपासणी, लसीकरण, क्षयरोग्याचे औषध, अशी पूर्वी घरात विनामोल होणारी वा मुळीच न होणारी कामे आता सरकारी योजनेत बसली, हे मोठेच परिवर्तन होते. परंतु ती करणाऱ्या स्त्रीला सरकारने कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले आणि वेतनाऐवजी मानधन दिले. खासगी मालकाने गाळे तोडून जे साधले ते शासनाने नियुक्तीच्या शर्तीतून साधले, असे म्हटले तर ते कठोर असले तरी अन्यायाचे होणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि भिवंडीचे माग थांबले. मजुरी थांबली तशी खाणावळीची उधारी थांबली, आणि कामगार पायी, सायकलींवर, मिळेल त्या मालमोटारीतून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे खास रेल्वेगाडी सोडावी लागली. उद्योगाने, शहराने आणि कायद्याने ज्याची जबाबदारी घेतली नव्हती त्या मजुराला अखेर गावच्या स्त्रीनेच पदराखाली घेतले. इकडे आशा सेविका दारोदार ताप मोजीत फिरत होत्या. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांनी संप केला तेव्हा त्यांच्या मानधनात काही वाढ झाली. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र असल्याचा निर्णय दिला.

या दीर्घ प्रवासाचा लेखाजोखा एकरंगी नाही. खाणावळीने अनेक परित्यक्तांना स्वतःच्या पायांवर उभे केले, परिचारिकेच्या परदेशी पगाराने तिच्या घरातील तिचे स्थान उंचावले, आणि गोदामातील रोजंदारीने काही मुलींना लग्नाआधी चार पैसे स्वतःचे म्हणता आले. स्त्रीने घराबाहेर पडू नये, असा निष्कर्ष या इतिहासातून काढणे म्हणजे त्याचा विपर्यास होय. निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. हातमागाची गिरणी, गिरणीचा यंत्रमाग आणि यंत्रमागाचे गोदाम होताना प्रत्येक वेळी माणूस जगविण्याचा खर्च उद्योगाच्या हिशेबातून अधिक बाहेर ढकलला गेला आणि तो प्रत्येक वेळी स्त्रीच्या अंगावर आला. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणारी भारतीय स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवितो असे आढळले. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते. उलट जेथे जेथे तिची स्थिती पालटली तेथे तिच्या श्रमाची लेखी नोंद आधी झालेली दिसते: प्रसूतिलाभाच्या कायद्यात, बँकेच्या खात्यात, मोलकरणींच्या संघटनेत, न्यायालयाच्या निकालात. महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र भारताने अद्याप मंजुरीची मोहोर उठविलेली नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. वृद्ध होत चाललेल्या परमुलखाला किती हात हवेत, त्यांना कोणती भाषा शिकवावी आणि कोणत्या शर्तींवर पाठवावे, याचा हिशेब करण्याची कुवत आपल्या शासनात आहे, हे त्यावरून सिद्ध होते. तीच कुवत भिवंडीच्या गोदामाशेजारी पाळणाघर उभारण्यासाठी, कांड्या भरणारीचा दर ठरविण्यासाठी आणि आशा सेविकेला वेतनश्रेणी देण्यासाठी वापरली गेली, तर मुंबईच्या कौन्सिलात १९२८ साली मांडलेले तत्त्व शंभर वर्षांच्या आत अमलात आले असे भावी इतिहासकाराला लिहिता येईल.